बाबांच्या फॉर्मवरचं ‘नाही’

आई,

“औषधांचा डबा आणा, मग फॉर्म काढते,” हे तुझं वाक्य मी पहिल्यांदा धायरीत ऐकलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सुट्टीत तू मला लुनावर मागे बसवून विम्याच्या कामाला न्यायचीस. त्या घरचा माणूस मंडईत भाजी घालायचा आणि आजाराच्या प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणत होता. तुझं वाक्य ऐकून तो हसला. “बाई, विमा विकताय का झडती घेताय?” “दोन्ही. झडतीचे वेगळे पैसे घेत नाही.” तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. “साखरंची गोळी हाय की. रोज घेत्यात.” त्यानं तिच्याकडे रागानं बघितलं आणि तू शांतपणे गोळीचं नाव उतरवून घेतलंस. “हप्ता थोडा जास्त बसेल. पण उद्या तुमचं काही झालं, तर हिला कुणी खोटं पाडणार नाही. आणि कंपनीला कशाला फसवायचं? तिथले पैसेही तुमच्यासारख्यांच्याच हप्त्यांचे.” त्यानं सही केली नाही. परतताना मी म्हटलं, उगाच विचारलंस. तू लुना थांबवून मला रागावलीस. “आपलं कमिशन आजचं असतं. त्या बाईला हा कागद कधी लागेल, कुणाला माहीत?”

आता मी विम्याच्याच ऑफिसात आहे, दाव्यांच्या विभागात. काल एक बाई आल्या होत्या, नवरा गेलेल्या. नवऱ्याला सहा वर्षं रक्तदाब होता, हे दवाखान्याच्या कागदांत आहे; फॉर्मवर मात्र ‘नाही’. हल्ली पॉलिसीला तीन वर्षं झाली की फॉर्ममध्ये काय लपवलं होतं, हे कंपनीला उकरता येत नाही. त्याआधी येतं, कारणं लेखी देऊन. यांच्या नवऱ्याला चार महिने कमी पडले. “एजंटानं काही विचारलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. “फुली हाय तिथं सही करा, म्हनला.” मी मान खाली घालून लिहीत होते. मग त्यांनी विचारलं, “म्हंजी हे खोटं बोलून गेले, असं लिवणार का तुम्ही?”

मला कर्वेनगरचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबांचा फॉर्म तू कणीक मळता मळता पुढ्यात घेतला होतास. बाबांनी खिशातून छातीच्या गोळ्यांची पट्टी काढून ओट्यावर ठेवली. “हेही लिही.” तू हात धुतलेस, पट्टी उचलून त्यांच्या हातात दिलीस. “अहो, ठेवा ते खिशात. लिहिलं तर पॉलिसी मिळायची नाही.” “मग राहू दे.” “मुलगी लहान आहे,” तू म्हणालीस, आणि त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलंस. तुझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं. बाबा सव्वादोन वर्षांनी गेले. तेव्हा मुदत दोनच वर्षांची होती. त्यानंतर कंपनीला मुद्दाम फसवल्याचं सिद्ध करावं लागे. कुणी एवढ्या खोलात गेलं नाही. माझं कॉलेज त्या पैशांवर झालं. तू असेपर्यंत मी या गोष्टीचा विषय एकदाही काढला नाही. मला कळत नव्हतं म्हणून नव्हे.

आज मी टिपणी लिहिली. आजार फॉर्मवर नव्हता, हे लिहिलं. नवऱ्याला विचारलंच गेलं नाही, हे बाईंचं म्हणणंही त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि याला फसवणूक म्हणू नये, अशी शिफारस केली. ती मान्य झाली तर भरलेले हप्ते परत मिळतील. विम्याची रक्कम नाही. बाई आज पुन्हा आल्या, तेव्हा विमा लोकपालांकडे दाद कशी मागायची, ते एका कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि “बरं” एवढंच म्हणाल्या. तू भरलेल्या बाबांच्या फॉर्मवर अशी टिपणी लिहायची वेळ आली असती, तर मी रजा टाकली असती.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून मागते. तुझ्यावर रागावता येत नाही आणि त्या बाईंसमोर मान वरही करता येत नाही. मला कारण सांगू नकोस, ते मला पाठ आहे. तू ऐकणार नाहीस, तरी एकदा एवढंच म्हण, ‘मी चुकले.’