वास माझा, बोभाटा तिचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाकडाला पॉलिश करणे, उजवा पाय गुडघ्यापासून नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहून ठेवत आहे. यातली शेवटची अट सगळेच लिहितात आणि कोणी तपासत नाही. मी तिचा पुरावा जोडला आहे. यापूर्वी मेहुण्यांनी माझ्याकडून करून घेतलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातली सहीच तेवढी माझी होती.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीला. माझ्या बाजूने खोटे न बोललेली घरातली ती एकटीच. तिला कोणी विचारलेच नाही, ही गोष्ट वेगळी. तिचे बंधू, म्हणजे हेच मेहुणे, घरी आले तर त्यांना चहा द्यावा, पण मुक्कामाला ठेवून घेऊ नये. ते एकदा टेकले की उठत नाहीत.

२. नाक्यावरचा गाळा. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी, दुपारी चारच्या सुमारास, याच नाक्यावर मला बेकरीच्या पावाच्या गाडीने उडवले. गाडी एक बाई चालवत होती. एक मोठे जेवणाचे टेबल पुरे झाल्याच्या आनंदात मी आणि माझे तीन मित्र दुपारपासून गुत्त्यावर बसलो होतो. बाहेर आलो, तर समोरच्या फुटपाथवर हमाल ते टेबल टेम्पोत चढवत होते आणि एकाने वरच्या फळीला उघड्या हाताने धरले होते. ओल्या पॉलिशला बोट लागले की ठसा कायमचा उमटतो. मी ओरडलो, "हात काढ! ओलं आहे!" आणि डावे-उजवे न बघता उभ्या गाड्यांच्या मधून रस्त्यात धावलो. टेबल आदल्या दिवशीच खडखडीत वाळले होते. चाळीस वर्षे पॉलिश करत आलेल्या माणसाला ओले आणि वाळलेले कळेनासे होते, तेव्हा त्याने किती घेतली असेल याचा हिशेब लावायला वकील लागत नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "यांना दारूचा वास येतोय. रक्त तपासायला हवं."

मेहुणे पुढे सरसावले. "अहो डॉक्टर, पॉलिशवाला माणूस! लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात हे लोक. याच्या घामालाही तोच वास येतो."

डॉक्टरांना पटले. स्पिरिटचा वास हाताला येतो, तोंडाला नाही, एवढे त्यांच्या लक्षात आले नाही. रक्त घेतले ते त्या बाईचे. त्यात थेंबही निघाला नाही. तरी माझे तिन्ही मित्र शपथेवर सांगून आले की आम्ही चहा पीत होतो, मी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून सावकाश चाललो होतो आणि गाडी सुसाट आली. बाईचा परवाना गेला. मला भरपाई मिळाली आणि त्यातून हा गाळा झाला.

पण आमच्या गल्लीचे एवढ्याने पोट भरते होय? महिन्याभरात जो तो सांगू लागला, "बाई प्यायलेली होती म्हणे. डॉक्टरांना वास आला होता." वास माझा, बोभाटा तिचा. तिच्या रक्ताचा कागद कोणी वाचला नाही. 'बाई आणि गाडी चालवते, होणारच' असे म्हणणाऱ्या शहाण्यांना वाचनाची गरज नसते.

ती मला भेटायला आली होती. माझा पाय नुकताच कापला होता. तिने पायाकडे पाहिले, रडली आणि म्हणाली, "काका, तुम्ही अचानक मध्ये आलात ना? एवढं एकदाच सांगा. मला माझंच खरं वाटेनासं झालंय."

मी भिंतीकडे तोंड केले. मेहुणे मला बुळा म्हणतात. त्यांचे एवढेच म्हणणे मला मान्य आहे. त्या रात्री पत्नी म्हणाली, "त्या दिवशीचा तुमच्या तोंडाचा वास मला कळला नाही होय?" आणि आठवडाभर बोलली नाही.

बाई आता त्याच बेकरीत मागच्या बाजूला पाव पुड्यांत भरते. रोज गाळ्यासमोरून पायी जाते. तीनतीनदा डावे-उजवे बघूनच रस्ता ओलांडते. अकरा वर्षे मी हे खुर्चीत बसून पाहिले. गाळा, त्यातले कपाट आणि रस्त्याकडची पाटी लावायची जागा तिला द्यावी. तिने नको म्हटले तरी द्यावी.

३. माझी शिसवी कुबडी मेहुण्यांना. सात हात पॉलिश आहे, चेहरा दिसतो. माझ्या पायावर ते अकरा वर्षे उभे आहेत. गल्लीतल्या व्यसनमुक्तीच्या सभेत दरवर्षी माझे उदाहरण देतात, 'निर्व्यसनी कारागीर, मद्यधुंद चालकाचा बळी'. पुढच्या सभेला कुबडी सोबत न्यावी.

४. तिघा मित्रांना गुत्त्यावरून मी उचललेले तीन पेले. त्यांतून त्यांनी आता खरोखर चहा प्यावा. शपथ तरी पुरी होईल.

५. हे मृत्युपत्र बेकरीच्या दारात, कामाची पाळी सुटताना, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. वाचण्याचे काम मेहुण्यांचे. त्यांचा आवाज खणखणीत आहे. त्यांनी नकार दिल्यास पत्नीने वाचावे. ती आनंदाने वाचेल.

स्थळ : नाक्यावरचा गाळा. दिनांक : १४ मार्च २०१९, दुपारी चार.

सही : (पॉलिशवाला)

साक्षीदार १ : तेव्हाचे डॉक्टर, आता निवृत्त. "यांनी माझ्यासमोर सही केली."

साक्षीदार २ : टेबल धरून उभा असलेला हमाल. "माझ्यासमोर सही केली. त्या दिवशी हे झोकांड्या खात आले, तेपण मी पाहिलं. मला कोणी विचारलंच नाही." (डाव्या अंगठ्याचा ठसा)

सोबत कागद एक : आज सकाळी घेतलेल्या माझ्या रक्ताची तपासणी. दारूचा अंश नाही. ही तपासणी अकरा वर्षे उशिरा झाली, त्याबद्दल बाईंनी मला माफ करू नये.