मागच्या अंगणातली फरशी

आई,

तुम्हाला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. पोहे झाकून ठेवलेत, चहा थर्मासमध्ये आहे. मी नागोराव मिस्त्रींकडे जातेय, ते फोन उचलत नाहीत.

मागच्या अंगणात तुम्हाला शहाबादी फरशी हवी होती. मी हट्टाने लाकडी डेक करून घेतला. पहिल्याच आठवड्यात फळ्यांच्या फटीत तुमची काठी अडकली. त्यानंतर तुम्ही बाहेर बसणं सोडलंत, आणि ते कळूनही मी गप्प राहिले.

काल माझ्या ऑफिसची मंडळी डेकवर गप्पा मारत होती आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होतात. त्यांच्यातल्या रुपालीने तुम्हाला बाहेर बोलावलं, तर म्हणालात, "नको गं, मला संध्याकाळची हवा बाधते. डेक मात्र कादंबरीने सुरेख निवडलाय." मी तिथेच होते, आणि चक्क "थँक्यू" म्हणाले. अजून त्या शब्दाची लाज वाटतेय.

फळ्या काढून फरशी घालायचं ठरवलंय. तुमच्या लेकाला मीच सांगेन, तुम्ही माझी बाजू सावरू नका. जेवायच्या आत येते. दुपारी माझ्याबरोबर याल का? फरशी तुम्हीच निवडायची आहे.

कादंबरी