ट्रॉलीचं उजवं चाक

आबा, आज सकाळी ट्रॉलीची दोन्ही चाकं खोलून बसलो होतो. सत्तरी ओलांडली तरी हे काम मी कुणाच्या हातात देत नाही. जॅक लावायचा, चाक उतरवायचं, चाकाच्या मधल्या हबमधून बेअरिंग काढायचं आणि रॉकेलात धुऊन फडक्यावर ठेवायचं. धुतल्यावर त्याचे रूळ कसे चकाकतात, ते बघत बसायला मला अजून आवडतं. मग नवं ग्रीस तळहातावर घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची. वरच्या फटींतून ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर आल्या की समजायचं, पोट भरलं. तुमचा नातू म्हणतो, गॅरेजवाला मशीननं पाच मिनिटांत करून देतो. देत असेल. पण पोट भरलं का, हे मशीनला कळत नाही, आणि मला कळतं. या कामात मी कुणाला हार जाणार नाही.

तुमचे गुडघे गेले ती एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं. महाळुंग्यात घर होतं, विहीर होती, ऊस उभा होता, पण दिवाळी सरली की तुमचं मन घरात ठरायचं नाही. भाऊबंद मेंढरं घेऊन लोकांच्या रानात खतासाठी बसवायला निघाले की तुम्ही ओट्यावरून त्यांच्या मागं उठलेल्या धुळीकडं बघत राहायचात. म्हणून मी जुन्नरच्या एका मिस्तरीकडून ट्रॉलीवर पत्र्याची खोली बांधून घेतली. आत तुमची बाज, चुलीपुरता मातीचा थर आणि बाजेच्या उशाला एक खिडकी. ट्रॅक्टर पुढं, तुम्ही मागं खिडकीत. पहिल्याच दिवशी वाटेतल्या एका गावात चावडीपाशी कुणीतरी विचारलं, "काय पावणं, ह्या बंगल्याला घरपट्टी बसती का?" तुम्ही खिडकीतूनच म्हणालात, "बसंल की. पर बंगला जाग्याव घावला पायजे ना." त्या हिवाळ्यात तुम्ही दहा वर्षांनी लहान झालात.

खोली बांधून होईपर्यंत तीन दिवस मी त्या मिस्तरीच्या शेडमध्ये बसून होतो. तिथंच चाकाचं काम शिकलो. तो म्हणायचा, "भाऊ, नट आवळताना चाक फिरवत ऱ्हा. जड झालं की थांब, आन मग नट जरासा मागं घे. तापलं की फुगतं ते, त्याला जागा लागती. पिनीचं भोक जुळंना तर नट ढिला करून जुळव, आवळून न्हाई." हे मी तुम्हाला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही त्यातून एवढंच घेतलं की चाक तापायला नको. मग प्रत्येक मुक्कामाला मी गाडी थांबवली की तुम्ही आधी खाली उतरायचात, काठी टेकत दोन्ही चाकांपाशी जायचात आणि कोकराचा कान चाचपावा तसा हबवर हाताचा मागचा भाग ठेवायचात. "ताप न्हाई," म्हणायचात. मगच चूल पेटायची.

तिसऱ्या वर्षी तळेघरला जायचं ठरलं. तिकडची भातं कापून झाली होती, खाचरांत मेंढरं बसवायला बोलावणं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी अंगणात चाकं खोलली आहेत. तुम्ही शेजारी पोतं टाकून बसला आहात. मी नेहमीसारखा शाळेतल्या कविता म्हणतो आहे, सहावीच्या पुस्तकातली नदीची, मग पावश्याची. "आरं, कवितेनं चाक फिरतंय व्हय?" तुम्ही विचारता. मी म्हणतो, "फिरतंय की, बघा." तुम्ही हसता, उठता आणि बैलगाडीच्या वंगणाचा जुना बांबूचा नळा घेऊन येता. एरंडेल आणि जळक्या पेंढ्याची राख, तुमच्या हातचं वंगण. मी म्हणतो, "ते बैलगाडीच्या आसाला चालतं, आबा. बेअरिंगात राखेचा कण गेला तरी रूळ खरवडतो." "व्हय का," एवढंच म्हणून तुम्ही नळा मांडीशी ठेवता.

दुसऱ्या दिवशी डिंभ्याच्या पुढच्या चढाला उजव्या चाकातून धूर निघाला. रस्ता अरुंद, मागं एसटी अडकली, माणसं उतरून बघायला आली. मी हब खोलला तर बेअरिंग निळं पडलं होतं, दोन रूळ फुटले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं, राव?" मी काही बोलायच्या आत खिडकीतून तुमचा आवाज आला, "काल म्या टोपण काढून वाईच वंगण घातलं व्हतं चाकात. ह्यो जेवाया गेला तवा." त्यावर मी तुम्हाला जे बोललो ते सगळ्या एसटीनं ऐकलं. "सांगितलं व्हतं ना तुमाला? दरीत गेली असती गाडी. आजपासून चाकाला हात लावायचा न्हाई. कशालाच लावायचा न्हाई." माणसं हसली. एक जण म्हणाला, "म्हातारबाबांना बैलगाडी वाटली, भाऊ." तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं."

घोडेगावाहून नवं बेअरिंग आणून मी गाडी वर नेली. तळेघरला पोचल्यावर तुम्ही उतरलात आणि चाकांकडं न बघता मेंढरांकडं गेलात. चौथ्या दिवशी, तुमचं वंगण त्यातही राहू नये म्हणून, मी डावं चाक खोललं. ते काळं भरलेलं होतं, एरंडेलाचा वास येत होता. उजव्याचं जळकं बेअरिंग मी पोत्यात ठेवलं होतं, ते काढून उन्हात धरलं. त्यात राखेचा कण नव्हता, एरंडेलाचा वास नव्हता. मग आठवलं. अंगणात उजव्या चाकाची पिन बसत नव्हती, भोक जुळत नव्हतं. मी नट मागं घ्यायच्या ऐवजी थोडा आवळला आणि पिन ठोकली. कवितेचं शेवटचं कडवं चालू होतं, ते तोडवलं नाही.

हे आठवलं तेव्हा तुम्ही वर खोलीत बाजेवर पडला होतात, माझ्यापासून चार हातांवर. मी डावं चाक धुतलं, ग्रीस भरलं आणि बंद केलं. पुढच्या दिवाळीला ट्रॉली जोडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमी जा. मी हाये घरी." तुम्ही आणखी दोन वर्षं होतात, त्या ओट्यावर. वंगण फक्त डाव्या चाकात घातलं होतं हे तुम्हाला ठाऊक असणारच. तरी "चुकलं माझं" का म्हणालात, हे विचारायला मी कितीदा ओट्यापर्यंत आलो. पण ते विचारलं असतं तर माझं सांगावं लागलं असतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही. पण लिहायला बसलो आहे तर राहिलेलं तेवढं लिहितो. घाटातली ती गोष्ट मी आजही सांगतो, लग्नाकार्यात, पंगती उठल्यावर, लोक आग्रह करतात म्हणून. त्यात तुम्ही बेअरिंगात वंगण घालता आणि चाक जळतं. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात सांगितली. सगळे हसले, आबा. मीही हसलो.