हसवण्यातला माझा हातखंडा आणि हिचं ऑपरेशन

४ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प : घरात विनोद बंद. कारण गंभीर आहे.

काल जेवताना मी पोपटाचा विनोद नुसता सुरू केला, तर ही ताटावरून उठून बाथरूमकडे पळाली. परत आल्यावर सगळं सांगितलं. खोकलं, शिंकलं, हसलं, उडी मारली, की लघवी गळते. धाकटीच्या बाळंतपणापासून. डाग दिसू नयेत म्हणून ही काळं नेसायची, आणि मी समजत होतो, हिला काळा रंग आवडायला लागलाय.

मी विनोद सुरू केला की ही इतकी वर्षं का उठून जायची, त्याचा उलगडा झाला. म्हणजे दोष माझाच. बायकोला इतकं हसवू नये.

६ जानेवारी
संकल्प मोडलेला नाही. तो घरापुरता होता. मी ड्रायव्हिंग शिकवतो त्या गाडीत लागू नाही. पोपट सांगितल्यावर आजच्या शिकाऊ बाई स्टिअरिंग सोडून हसल्या. त्यांची टेस्ट सोमवारी आहे आणि टेस्टला बसवायचं की नाही ते मी ठरवतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

१५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिला लघवी साठवून यायला सांगितलं होतं. आत खोकायला लावून तपासतात म्हणे. मी नर्सबरोबर निरोप पाठवला, की खोकल्यापेक्षा माझा पोपट जास्त परिणामकारक ठरेल. खोकला पुरेसा आहे, असं उत्तर आलं.

आधी तीन महिने व्यायाम. खालचे स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. बऱ्याच जणींना तेवढ्यानेच बरं वाटतं. नाहीतर ऑपरेशन.

२० जानेवारी
व्यायाम मी अंगावर घेतला. क्लच दाबा, धरा, हळूहळू सोडा, असा ताल देतो. ही म्हणाली, तुम्ही समोर असलात की काहीच जमत नाही. आता दार लावून एकटीच करते. पण पाया मी घालून दिला, हे विसरून चालणार नाही.

२२ एप्रिल
थोडा फरक आहे. पुरेसा नाही.

ही बालवाडीत शिकवते. आज पोरं बेडूकउड्यांसाठी हात धरून ओढत होती, तर गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. हिचा गुडघा ठणठणीत आहे. घरी येऊन पर्स न काढताच खुर्चीत बसली आणि रडली. म्हणाली, पोरं आता मला बोलवायचीच बंद होतील.

मी शेजारी बसलो. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोरच्याने काहीही घोळ घातला तरी गाडी मी थांबवू शकतो. इथे पाय नुसताच दाबून बसलो होतो. फार वाईट वाटलं.

१० मे
ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. जाळीची एक बारीक पट्टी लघवीच्या नळीखाली झोळीसारखी बसवतात. खोकला आला की नळीला आधार मिळतो. धोकेही सांगितले : पुढे जाळी टोचू शकते, सुरुवातीला लघवी अडू शकते. हिने शांतपणे एकेक प्रश्न विचारला. मी एकच विचारला, हसवायला परवानगी कधीपासून? हिने डोळे मिटून घेतले.

२४ मे, सकाळी
आज ऑपरेशन. मी खंबीर आहे. हिला आणि मेहुणीला तसं सांगून ठेवलंय. घरात एकाने तरी डोकं शांत ठेवायला हवं.

२४ मे, संध्याकाळी
ऑपरेशन व्यवस्थित झालं. नर्सने लघवीची नळी आणि पिशवी कशी धरायची ते मला नीट समजावलं. त्यानंतर मी थोडा वेळ आडवा होतो. शेजारची कॉट रिकामीच होती. हिच्यासाठी आणलेलं ग्लुकोजचं पाणी मेहुणीने मलाच पाजलं. उगीच वाया गेलं असतं.

२७ मे
नळी काल काढली. हिला आपोआप लघवी झाली. मी इतका खूश झालो, की वॉर्डबॉयशी हस्तांदोलन केलं.

हिने महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. मी जाहीर केलं की या घरातली प्रत्येक जड वस्तू मी उचलीन.

२८ मे
बादली उचलताना कंबर धरली. मेहुणी राहायला आली आहे. आम्हा दोघांसाठी.

१२ जुलै
डॉक्टरीणबाईंनी सगळी मोकळीक दिली. ही थेट बालवाडीत गेली आणि दुपारी उंबऱ्यातच, चपलाही न काढता सांगायला लागली. बेडूकउड्या मारल्या. अख्ख्या वर्गाबरोबर. काही झालं नाही. काहीसुद्धा नाही!

मग चहा घेताना मेहुणीने माझी नक्कल केली. पिशवीकडे बघून डोळे पांढरे झालेला मी, आणि पेशंट कोण म्हणून गोंधळलेला वॉर्डबॉय. ही टेबलाला धरून हसली. वाकून वाकून हसली. डोळ्यांखेरीज कुठूनही थेंब नाही. इतकं हसताना हिला मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

हीच वेळ होती. घरातली बंदी उठवली. खुर्ची पुढे ओढली आणि पोपट सुरू केला.

पोपट पिंजऱ्यातून बाहेरही आला नव्हता, तोच ही उठली आणि आत गेली.

माझं धाबं दणाणलं. जाळी सरकली की काय! बाथरूमच्या दाराशी धावलो, तर ही तिथे नव्हतीच. गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, पुन्हा गळतंय का? डॉक्टरीणबाईंना फोन लावू का? ही म्हणाली, अहो, अगदी कोरडी आहे. ऑपरेशन उत्तम झालंय.

मग मी म्हटलं, इतकी वर्षं जी उठून जायचीस, ती?

हिने माझ्या शर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, त्यातल्या निम्म्या वेळा खरंच जावं लागायचं.

निम्म्या कुठल्या, ते विचारायचं धाडस झालं नाही.