परातीतली नॉर्मंडी

९ नोव्हेंबर, रविवार
सुहास, गेल्या गुरुवारी कोळंबी पाठव म्हटलं होतं. कसली कोळंबी, असंच म्हणशील. म्हणून आता रोज मेधाकडून लिहून घेणार, ती फोटो काढून तुला कामावर रुवैसला पाठवेल. मला अक्षर येत नाही, तुला आठवण राहत नाही, नि हात दुखतात सुनेचे. (हसतेय. हेही लिही म्हटलं.)

लेक तुझी तोंड पाडून बसलीय. गुरुवारी वर्गापुढे बोलायचंय. मोठ्या लढाईत फौजा समुद्र ओलांडून फ्रान्सात उतरल्या, त्या तिथंच का? मागच्या खेपेला हातातली कार्डं पडली, क्रम चुकला, इरा गप्प. पोरं हसली. आता एकच धोशा, "आज्जी, आय ॲम नॉट गोइंग."

१० नोव्हें., सोम
नकाशा दाखवला तिनं. मी बोट ठेवलं, इथं पाणी अरुंद, इथूनच गेले असणार.
"आज्जी! दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट द एनिमी थॉट!"
बंदोबस्त तिथंच जास्त. हे गेले लांबच्या नॉर्मंडीला. मला लगेच पटलं. आपल्या शारजातल्या नहदातले सगळे सकाळी जवळच्या रस्त्यानं दुबईला निघतात नि बॉर्डरवर अडकतात. शेजारचे काका वळसा घालतात, आधी पोचतात.

परातीत तांदळाच्या पिठाचा किनारा केला. सुबक. मग इरानं निळा समुद्र ओतला. खलास. संध्याकाळी निळी घावनं.
मेधा : "आई, पाणी ओतल्यावर काय होणार, तुम्हाला सुचलं नाही?"
सुचलं होतं. घावनं खायची होती.

११, मंगळ
बिल्डिंगमागच्या प्लॉटवरून वाळू आणली. इथं वाळूला काय तोटा. कागदाच्या होड्या इरानं भरतीला लावल्या, थेट वाळूच्या बांधापर्यंत. म्हणाली, "लेस रनिंग," शिपायांना वाळूत कमी पळावं लागेल.
संध्याकाळी तिला ममझरच्या किनाऱ्यावर नेलं. आज सप्तमी, भांगेचं पाणी, फार चढत-उतरत नाही. तरी काड्या रोवून दाखवलं. भरतीला काडी दिसते का? नाही. आमच्या हर्णैला जाळ्याचे खुंट असेच पाण्याखाली जायचे. बाबांची होडी एकदा भर भरतीत खुंटावर चढली, पोट फाटलं. बाबा पोहत आले. होडी नाही आली.
इरा बघत राहिली. शत्रूनंही किनाऱ्यावर खांब रोवले होते म्हणे. म्हणून हे ओहोटीला आले, पहाटे, खांब दिसावेत म्हणून. पण मग केवढी लांब उघडी वाळू, नि समोरून गोळ्या. कुणाकुणाच्या पोटची पोरं...


१२, बुध
तालीम. कार्डं बघून बोलली, तिसऱ्यावर अडकली, रडली. मी म्हटलं, कार्डं ठेव बाजूला. मी जन्मात कागद वाचला नाही, माझं काही अडलं? परातीवर बोट ठेव. अरुंद पाणी, तिथली गोष्ट सांग. बोट पुढे. खुंट. मग वाळू. वाट चुकणार कशी, वाट समोरच आहे.
"व्हॉट इफ आय फ्रीझ, आज्जी?"
मग बोट हलव. तोंड येईल मागून.
दुसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. तिसऱ्यांदा पुन्हा मध्येच थांबली. बोट मात्र उचललं नाही.

१३, गुरु. सकाळ
गेली. परात बसमध्ये मांडीवर. बसवाल्या मावशी म्हणाल्या, "यल्ला, चलो बेटा, ये क्या बिर्यानी है?" इरा हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.
गादीवर कार्डं सापडली, उशीखाली नीट रबर लावून. विसरली की ठेवून गेली? मेधा म्हणते विसरली, बापावर गेलीय. धावत शाळेत द्यायला निघाली होती. मी दारात उभी राहिले. नको म्हटलं.
आता धाकधूक मलाच. अकराला तिचा नंबर. फोन करायचा नाही, शाळेत चालत नाही. मेधा तेच ते भांडं तिसऱ्यांदा घासतेय.
आत्ता साडेदहा.

सुहास, ऐक. बोलली तरी नि गप्प राहिली तरी पोरगी भुकेली येणार, त्यात फरक नाही. तुझे ते गाडीवाले मित्र आज शारजाला येतायत, त्यांच्याबरोबर कोळंबी पाठव. मोठी, सालासकट, बर्फात. किलोभर नको, दोन किलो.