काणा बीम

सोमवार, संध्याकाळ

लॅबमध्ये लेसरखाली धरलेल्या कागदावर आज पुन्हा कडंच जळलं, मधोमध कोरं भोक. सहकारी पटेलभाई म्हणाले, "बेन, बीममां काणुं छे. अरीसो बदलीए." त्यांच्या गुजरातीत काणुं म्हणजे भोक. मी आरशाला हात लावू दिला नाही. या लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमधल्या दोन-चार फेऱ्यांतच इतका पसरतो, की तो छोट्या आरशाच्या कडेने बाहेर सांडणारच. भोक ही त्या आरशाची सावली. मग भिंग लावून कागद पुढे धरला. भिंगाने कड्याचा सगळा प्रकाश मधोमध गोळा केला: भोकाच्याच जागी टाचणीएवढा काळा ठिपका. पटेलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

घरी घाईत मीही बोलून गेले, "बीम काणा आहे." पोलिसांतून निवृत्त झालेल्या बाबांनी गुजराती भोक नव्हे, मराठी डोळा ऐकला.

"असेना. नेम धरताना एक डोळा मिटावाच लागतो."