पहिली ओंजळ

कॅम्प-१, भिलाई
सप्टेंबर १९६१

भासरे कृष्णराव यांस,

नमस्कार लिहीत नाही.

तुमचं कार्ड भेटलं. गावच्या मिलमधी सरकी चिरडाचे नवे रोलर बसवले, दसऱ्याले पहिली ओंजळ घरच्या लेकीच्या हातानं टाकाची, म्हणून आमच्या बेबीले धाडा, असं लिहिलं. बेबी आठ वर्साची हाय.

चार वर्साखाली ती ओंजळ घरची सून म्हणून मीच टाकली होती. मुहूर्ताले रोलर थांबवणं अशुभ, असं तुम्हीच म्हणाले होते. बांगडी अडकली, हात अंदर ओढला जाऊन राहिला, तरी मी ओरडली नाही, कावून का समोर तुम्ही उभे होते. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडाचं नसते, हे मले तुमच्याच घरात शिकवलं. सरकीच्या चुऱ्यात रक्त दिसलं तवा तुम्ही मशीनचा पट्टा काढला. मंग गावाले सांगितलं, सूनच बावळट, एक शब्द बोलली असती तर मशीन थांबवली असती.

हे डाव्या हातानं लिहून राहिली. तुमचे भाऊ इथं प्लांटमधी रोलरवरच काम करतात. तिथं कोणी नुसती हाक मारली तरी मशीन बंद करतात म्हणे.

पत्र त्यायच्याजवळ टाकाले देलं तर म्हणतीन, दादा बापासारखे हायेत. म्हणून हे माह्या कपड्याच्या पेटीतच ठेवते.

बेबी येणार नाही. दसऱ्याले मी येईन, अन् डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन, साऱ्या गावासमोर मोठ्यानं सांगीन, भासरे, यंदाची ओंजळ तुम्ही टाका. रोलर चालूच राहू द्या.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
रंभा